कमी खर्चात, वर्गातल्या वर्गात गणित हाताने करून बघण्याचे मजेदार प्रकार कोणते?

तुम्ही लिहिलंय की वर्ग सातवीचा आहे, पट चाळीसच्या पुढे, साहित्याला पैसे नाहीत आणि 'उपक्रम' म्हटलं की मुलं नुसती कागद कापत बसतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो, त्यामुळे हे सगळं ओळखीचं आहे. माझा नियम एकच: आधी मुलांचा अंदाज फळ्यावर लिहून घ्यायचा, मगच वस्तूला हात लावू द्यायचा. अंदाज चुकला की मुलं पेटतात. त्याशिवाय केलेला उपक्रम हा कार्यानुभवाचा तास होतो.

स्टीलचा साधा पेला टेबलावर ठेवा आणि विचारा, याची उंची जास्त की काठाचा घेर? जवळजवळ सगळा वर्ग 'उंची' म्हणून ओरडतो. मग काठाभोवती दोरा गुंडाळा आणि तोच दोरा पेल्याशेजारी उभा धरा. तोंड ७ सेंमीचं असेल तर घेर २२ सेंमीच्या आसपास भरतो, उंची असते जेमतेम ११-१२. सरांनी काहीतरी हातचलाखी केली असं वाटून मुलं दोरा हिसकावून घेतात आणि स्वतः मोजतात. तेच तर हवं असतं.

आता परीघ भागिले व्यास. बांगड्या, डब्यांची झाकणं, बादली, जे मिळेल ते गटागटाला द्या. बांगडीवर उत्तरं ३ पासून ३.३ पर्यंत कुठेही येतील, कारण ६ सेंमीच्या व्यासात २-३ मिमीची चूकही भारी पडते. ३.१४ च आलं पाहिजे असा हट्ट धरू नका, नाहीतर पोरं उत्तर आधी लिहितात आणि मापं नंतर जुळवतात! त्याऐवजी सायकल आणा. टायरवर खडूची खूण करा, ती जमिनीला टेकली की तिथे रेघ मारा, चाक एक पूर्ण फेरा सरळ चालवा आणि पुन्हा रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर भागिले चाकाचा व्यास. वस्तू मोठी झाली की चुकीचा वाटा कमी होतो, हे मुलंच सांगतात.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे कागदी त्रिकोणाचे कोपरे जोडून दाखवणं तुम्हाला माहीत असेलच, फक्त एक गोष्ट सांगतो. कोपरे हाताने फाडायला लावा, कात्रीने नको. कात्रीने तुकड्याच्या तिन्ही कडा सरळ होतात आणि मूळ कोन कुठला तेच कळेनासं होतं. तिन्ही कोन शेजारी-शेजारी मांडले की खाली सरळ रेघ तयार होते. कुणीतरी मुद्दाम अगदी लांबुडका, तिरपा त्रिकोण काढून 'याचं नाही होणार सर' म्हणतो. त्यालाच पुढे बोलवा. ही सिद्धता नव्हे, हेही त्याच तासाला सांगून टाका.

शाळेत गणित पेटी, म्हणजे गणिताच्या साहित्याची पेटी, असेल तर ती कपाटातून बाहेर काढा. नवी ठेवून कोणाला दाखवायची आहे?

वजाबाकीचा कंटाळा असेल तर ६१७४. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी ही गंमत १९४९ मध्ये मांडली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. त्यानंतर ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त ७ पायऱ्या लागतात. हातच्याची वजाबाकी करायला सांगितली की तोंड वाकडं करणारी मुलं इथे पानंच्या पानं भरतात आणि चुकलं की आपणहून मागे जाऊन तपासतात. एखादा २१११ घेतो, २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ येतात, आणि मग 'सर, माझं शून्य आलं' म्हणून उभा राहतो. लगेच सांगू नका, शेजारच्याला त्याची वही बघू द्या. संख्या चार अंकीच ठेवायची, म्हणजे ०९९९ लिहून पुढे ९९९० वजा ०९९९ करायचं, हे कुणाच्या तरी लक्षात येतंच. चौथीच्या वर्गाला हेच तीन अंकी संख्यांवर द्या, तिथे मुक्काम ४९५ वर होतो.