शंका-समाधान: 24 जीबीची ट्रॅजेक्टरी

प्रश्न: ग्रोमॅक्समध्ये (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) पाण्यातल्या डायमर, म्हणजे दोन साखळ्यांच्या, प्रथिनाचं 100 नॅनोसेकंदांचं सिम्युलेशन केलं. एक लाख अणू, दर 10 पिकोसेकंदांना एक फ्रेम. टीआरआर फाइल (फ्रेमवार स्थानं आणि वेग साठवणारी ट्रॅजेक्टरी) 24 जीबीची झाली आणि जीझिप करूनही फारशी घटली नाही. तिची एक्सटीसी, म्हणजे दाबलेली ट्रॅजेक्टरी, केली तर अचूकता जाईल का? आरएमएसडीचा (मूळ रचनेपासून सरासरी किती फरक पडला त्याचा) आलेखही मध्येच उडी मारतो.

उत्तर: 24 जीबी हिशेबाला धरूनच आहे. टीआरआरमध्ये अणूमागे स्थानाला 12 बाइट, वेगाला 12; म्हणजे फ्रेममागे 2.4 एमबी, अशा 10,000 फ्रेम. दशांशातले शेवटचे आकडे जवळजवळ यादृच्छिक, त्यामुळे जीझिपच्या हाती काही लागत नाही. एक्सटीसी आधी स्थान 0.001 नॅनोमीटरपर्यंत पूर्णांकात आणते, मग शेजारच्या अणूंमधला फरक मोजक्या बिटांत लिहिते. स्थानांची जागा साधारण एक तृतीयांशावर येते, वेग तर गळूनच जातात.

चूक प्रत्येक अक्षावर फार तर 0.0005 नॅनोमीटर. आरएमएसडी, आरएमएसएफ (प्रत्येक अणू आपल्या सरासरी जागेभोवती किती हलतो ते), हायड्रोजन बंध यांना तिचा काही त्रास नाही. वेगांवर आधारलेलं काही काढायचं असेल तर मात्र टीआरआरला हात लावू नका. रन पुढे चालवायला सीपीटी (चेकपॉइंट) फाइल लागते, ती जपा. जुनी फाइल उडवण्याआधी नवीवर ‘जीएमएक्स चेक’ चालवून फ्रेम मोजा.

पुढच्या रनला एमडीपीमध्ये (रनच्या सेटिंगची फाइल) एनएसटीएक्सआउट, एनएसटीव्हीआउट (टीआरआरमध्ये स्थानं आणि वेग दर किती पावलांनी लिहायचे ते) शून्य ठेवा. 2 फेमटोसेकंदांच्या पावलाला एनएसटीएक्सआउट-कम्प्रेस्ड (एक्सटीसीसाठी तेच) 5000. नुसतं प्रथिन साठवलं तर फाइल खूपच आटोपते, पण प्रथिनाला चिकटलेल्या पाण्याबद्दल परीक्षकांनी विचारलं तर उत्तर उरत नाही! आणि टीपीआरही (रन सुरू करायची इनपुट फाइल) ‘कन्व्हर्ट-टीपीआर’ने तेवढ्याच अणूंची करावी लागते, नाहीतर अणूंची संख्या जुळत नाही म्हणून प्रोग्राम अडतो.

आरएमएसडीच्या उडीचं कारण बहुधा पीबीसी, म्हणजे पेटीच्या एका बाजूने बाहेर पडलेला अणू समोरच्या बाजूने आत येतो ही सोय. डायमरची एक साखळी पेटीच्या भिंतीतून बाहेर पडून समोरून आत येते आणि प्रोग्रामला दोन साखळ्या लांब गेल्यासारख्या दिसतात. ट्रॅजेक्टरी बदलणारा ‘ट्रजकॉन्व्ह’ तीनदा चालवा: आधी ‘पीबीसी होल’ (तुटलेले रेणू जोडायला), मग ‘पीबीसी नोजंप’ (उड्या काढायला), शेवटी ‘फिट रॉट+ट्रान्स’ (प्रथिन फिरवून-सरकवून मूळ रचनेवर बसवायला). नोजंप ‘-s’ने दिलेल्या रचनेला, ती दिली नसेल तर पहिल्या फ्रेमला प्रमाण मानतो, तेव्हा तिथे दोन्ही साखळ्या जवळ आहेत ना, ते व्हीएमडीत (रेणू पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम) डोळ्यांनी बघा. फ्रेम गाळायच्या असतील तर नोजंपनंतर. दोन फ्रेममध्ये अणू अर्ध्या पेटीहून जास्त सरकला तर नोजंपला उडी ओळखता येत नाही. फिट केलेल्या फाइलवर पुन्हा पीबीसी लावू नका: अणू फिरवलेले असतात, पेटी जागच्या जागीच असते. डिफ्यूजनही तिच्यावरून काढू नका.