मैत्रीतून प्रेमाकडे जाणारी चावट कॉमेडी नागपुरात घडवायची आहे. चावटपणा किती ठेवू आणि प्रेम पटेल असं कसं लिहू?

तुम्ही लिहिलंय की 110 पानांची पटकथा तयार आहे, केविन स्मिथचा 2008 चा 'झॅक अँड मिरी मेक अ पॉर्नो' डोळ्यांसमोर होता, आणि वाचणारे सांगतात, "हसू येतं, पण हे दोघं प्रेमात कधी पडले ते कळलंच नाही." शिवाय सेन्सॉरची धास्ती आहे. माझ्या मते विनोदांना कात्री लावायची गरज नाही. ते नेमके कुठे थांबतात, एवढं आधी पक्कं करा.

त्या सिनेमातच पाहा. बिलं थकलेली, घरातली वीज-पाणी तुटलेलं, म्हणून दोन जुने मित्र पॉर्न फिल्म काढायला निघतात. सगळा वेळ शरीरावरून थट्टा चालते. मग कॅमेऱ्यासमोर या दोघांचीच पाळी येते आणि थट्टा एकदम थांबते. 'मला तू आवडतेस' असं कुणी म्हणत नाही, तरी प्रेक्षकाला कळतं, कारण इतका वेळ चालू असलेला आवाज बंद झालेला असतो. तुमच्या पटकथेत दोघं पहिल्यांदा जवळ येतात त्या रात्रीनंतरही ते तसेच जोक मारत राहत असतील, तर काही बदललं हे कुणाला कळणार?

नागपूरकडे यासाठी आयतं हत्यार आहे: 'बे'. तो तिला पहिल्या पानापासून पोरासारखं 'काऊन बे' (का रे) म्हणतो, तीही त्याला तसंच उत्तर देते. निदान 50 पानं हे इतकं सहज चालू द्या की प्रेक्षकाचं त्याकडे लक्षही जाऊ नये. मग त्या रात्रीनंतरची सकाळ. नेहमीची टपरी, नेहमीचे तर्री-पोहे.

तो : तुला... अजून तर्री पाहिजे का?
ती : (थांबून) असा काऊन बोलून राहिला बे?
तो : कसा?
ती : पाहुण्यासारखा.

तो 'बे' विसरलाय, तिनं मुद्दाम धरून ठेवलाय. एवढ्यात सगळं आलं. यानंतर दोन पानं चावट वाक्य एकही नको. बोलीचंही नीट ठरवा. तो महाल या जुन्या वस्तीतला असेल तर 'मले-तुले' त्याच्या तोंडी शोभेल, ती धरमपेठेसारख्या उच्चभ्रू भागातली असेल तर बहुधा नाही. दोघांच्या तोंडी एकसारखी वऱ्हाडी घातलीत तर ती नकलेसारखी वाटेल.

आता पानांचा हिशोब. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. आपल्याकडे मध्यंतर असतं, अमेरिकेत नसतं, म्हणून त्यांची मांडणी जशीच्या तशी उचलू नका. ती रात्र 50 व्या पानाच्या आसपास ठेवा, वरचा पोह्यांचा सीन 54-55 वर, आणि तिथंच मध्यंतर. रात्रीवरच मध्यंतर केलंत तर लोक बाहेर जाऊन त्या रात्रीबद्दल बोलतील. सकाळवर केलंत तर 'आता यांचं काय होणार' हे बोलतील, आणि दुसऱ्या भागाला तेच लागतं. त्याआधीच्या पानांत मैत्रीनं काही काम केलेलं दिसू द्या: तिच्या आईला फोनवर तो सफाईनं खोटं सांगतो, त्याची गाडी पंक्चर झाल्यावर ती न विचारता येते. असे तीन सीन पुरतात. 'आपण किती जुने मित्र आहोत ना' हे वाक्य जिथं जिथं असेल तिथून काढून टाका.

अशी पटकथा सगळ्यात जास्त फसते ती अडथळ्यात. गैरसमज, चुकून वाचलेला मेसेज, तिला बघायला आलेला दुष्ट मुलगा, यातलं काहीही एका वाक्याच्या खुलाशानं मिटतं, आणि मग 40 पानं पोकळ राहतात. खरा अडथळा आतला हवा: हे फिसकटलं तर ज्याच्याकडे जाऊन रडायचं, तो माणूसच उरणार नाही. बघायला येणारा मुलगा ठेवायचाच असेल तर तो चांगला ठेवा. त्यानं तिला खरंच सुखात ठेवलं असतं असं वाटायला हवं.

चावटपणाला जागाही इथलीच शोधा. नागपुरात अविवाहित मुलगा-मुलगी एकत्र राहणार म्हटल्यावर घरमालक प्रश्न विचारणार, म्हणून एकांत न मिळणं हाच विनोदाचा मोठा झरा आहे. तो तिच्या घरी वरच्या खोलीत भाडेकरू, खाली तिचे आई-बाबा. मे महिना, पारा 45 कडे, आणि डेझर्ट कूलरची घरघर. त्या घरघरीच्या आडोशानं दोघं वाट्टेल ते कुजबुजताहेत, आणि नेमकी लाईन जाते. कूलर बंद, शेवटचं वाक्य घरभर. यात एकही अश्लील शब्द लागत नाही. उन्हासाठी तोंडाला बांधलेला स्कार्फही वापरा. फुटाळा तलावावर तिच्या काकूच्या शेजारी ती दहा मिनिटं उभी राहू शकते आणि काकूला पत्ता लागत नाही.

तमाशाच्या बतावणीपासून दादा कोंडक्यांपर्यंत आपला द्वयर्थी विनोद याच तत्त्वावर चालतो: वाक्य निरागस, अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात. उघडी शिवी तिसऱ्यांदा आली की बोथट होते.

सेन्सॉरचं थोडक्यात. 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांत द्वयर्थी शब्दांचा वेगळा उल्लेखच आहे: हीन वृत्तींना उघडपणे चाळवणारे असतील तर चालत नाहीत. आता यूए प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग आहेत, त्यावर ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. तुमचा विषय 16+ आणि ए यांच्या सीमेवर पडतो. ए मिळालं तर सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, काटछाट करून टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणून जोखमीच्या प्रत्येक संवादाचा सौम्य पर्याय शूटच्या दिवशीच, त्याच लेन्सवर, त्याच कपड्यांत घेऊन ठेवा. नंतर डबिंगनं झाकलेले ओठ लगेच कळतात. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती आहे. त्यापुढचं अपील न्यायाधिकरण 2021 मध्ये रद्द झाल्यानं थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं, आणि छोट्या निर्मात्याला तो खर्च झेपत नाही.

त्या रात्रीच्या सीनमध्ये 'दोघं जवळ येतात' एवढंच लिहून सोडू नका. हात कुठे, कॅमेऱ्यात काय दिसतं, कट कुठे, हे सगळं लिहा. दोन्ही कलाकारांची त्या पानावर आधीच लेखी संमती घ्या. इंटिमसी कोऑर्डिनेटर (जवळिकीचे सीन कलाकारांना सुरक्षित वाटेल असे बसवून देणारी व्यक्ती) परवडत असेल तर नक्की घ्या. तालीम पूर्ण कपड्यांत करा आणि सेटवर अगदी गरजेची माणसं ठेवा. कलाकार अवघडलेले असले की विनोदही आखडतो.

शूटिंग मार्चमध्ये उरका. मे महिन्यात खोलीत लाइट लावून दुपारी काम होत नाही, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे हॉटेलच्या खोल्या आणि रस्ते दोन्ही अडतात. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रेनं मारा. कूलर मात्र टेकच्या वेळी बंद ठेवा. त्याची घरघर वेगळी रेकॉर्ड करून मिक्सिंगमध्ये घाला, म्हणजे लाईन जाते तो क्षण तुम्हाला फ्रेमच्या हिशोबानं हवा तिथं कापता येईल.