तळ्याचा इतिहास कागदांपासून सुरू कर

मित्रा, 'हे कार्प मासे मठातल्या साधूंनी सोडले' असं तळ्याकाठी कुणी सांगितलं तर ऐकून घे, पण वहीत लिहू नकोस. आधी ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे काढ. तळ्याचा बांध कोणत्या आवृत्तीत पहिल्यांदा दिसतो ते बघ. तळंच साधूंच्या काळानंतरचं असेल तर साधू बाद. मग कौंटीच्या अभिलेखागारात इस्टेटीच्या हिशोबवह्या मागव आणि ओळ न् ओळ वाच. उदाहरणाला रेडमायर घे. इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या या छोट्या तळ्यात १९३४ साली डोनाल्ड लेनी यांनी पुरवलेली कार्पची ५० पिल्लं सोडली. १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांच्या गळाला तिथेच ४४ पौंडी कार्प लागला. जुने फोटो भिंगाखाली धर. मिरर कार्प या जातीच्या अंगावरच्या मोठ्या खवल्यांची मांडणी सहसा जन्मभर तीच राहते. मला तर तो बोटांचा ठसाच वाटतो.