पैसा कुणाला काय भावाने?

बेटा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बायांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुलीच्या नोकरीला तीन महिने झाले नाहीत, तर लिहितोस, 'आप्पा, ह्या बायांना बचतीची सवयच नाही.' शहाद्याच्या बाजूला उन्हातान्हात गाडी फिरवतोस, वैतागला असशील. पण हे बोलणं तुझं नाही, तुझ्या साहेबाचं आहे.

तूच पाठवलेला, विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबचा आकडा परत बघ. २०२२-२३ साली वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातले २२.६ टक्के, आणि संपत्तीतले ४०.१. दुसरा आकडा एवढा फुगला तो काय बचतीच्या सवयीने? पैसा कुणाला काय भावाने मिळतो ते बघ.

मी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा गटसचिव होतो. मार्च आला की नवं-जुनं. ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरलं तर व्याजात सवलत, शिवाय नवं कर्ज. केळीवाला भरून मोकळा व्हायचा. कोरडवाहू कपाशीवाल्याने काय भरावं? सोसायटीच्या ओट्यावर एक जण पिशवी घेऊन बसलेला असायचा. लाख रुपये, आठ दिवस, दोन हजार. जुनं भरलं, मी सही केली, नवं निघालं, की पैसे परत त्याच पिशवीत. आठ दिवसांना शेकडा दोन म्हणजे वर्षाला काय दर पडला, कर हिशेब. कागदावर मात्र सवलतीचं कर्ज!

त्या माणसाला मी चहा पाजायचो. काय करणार होतो? उठवलं असतं तर शेतकरी थकबाकीदार, पेरणी बुडाली. शंभर टक्के वसुलीची मला शाल मिळाली, हेही खरं. पेटीत आहे अजून. कुणी किती दोन हजार दिले हे एका वहीत लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो तर त्या ओट्यापर्यंतही पोचला नाही. तुझ्या गटातल्या बाया त्याच घरातल्या. त्यांना चोवीस टक्क्यांच्या आसपास, तुझ्या साहेबाला घरासाठी आठ-नऊ. दिवाळी झाली की नवरा-बायको मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला गुजरातेत ऊसतोडीला, तिथून तुझा हप्ता. आणि म्हणे सवय! पैसा कुणाला काय भावाने मिळतो ते बघ, भाऊ.

नोकरी सोड म्हणत नाही, घरचं मला माहीत आहे. दोनशे पानी वही घे. हप्ता हातात आला की विचार, 'माय, आजचे कुठून आणले?' दुसऱ्या गटातून, दुकानदाराकडून, की कानातलं मोडून? त्याच दिवशी लिही. पोळ्याला येशील तेव्हा वही घेऊनच ये. फोटो पाठवू नकोस, मोबाइलवर मला आकडे दिसत नाहीत.

तुझा,
आप्पा