केनेडींच्या हत्येची झप्रुडर फिल्म बनावट आहे, या दाव्यात किती तथ्य आहे?

तुम्ही निपाणीहून विचारलंय की कॉलेजातल्या मित्रानं एक व्हिडिओ दाखवला, त्यात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची फिल्म नंतर कापून-जोडून बदलली असं सांगितलंय, तर ते कसं तपासायचं. माझं मत आधीच सांगतो: फिल्म खरी आहे. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

माझे मामा बेळगावातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. शाळा सुटली की मी त्यांच्या केबिनमध्ये. रीळ तुटलं की मामा एका टोकावरचा चित्राचा थर ब्लेडनं खरवडायचे, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा थेंब लावायचे आणि कडेच्या भोकाला भोक जुळवून दोन्ही टोकं दाबून धरायचे. पडद्यावर चित्र नुसतं उडी मारल्यासारखं व्हायचं, पब्लिकच्या लक्षातही यायचं नाही. पण तीच पट्टी हातात घेतली की जोड नखाला लागायचा. फिल्म बनावट आहे म्हणणारे बहुतेक सगळे पडद्यावर काय दिसतं त्याबद्दल बोलतात. तेही यूट्यूबवरच्या, कितव्या तरी कॉपीच्या पडद्याबद्दल. पट्टीबद्दल बोलणारा क्वचितच भेटतो.

तर पट्टीकडे या. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये अब्राहम झप्रुडर या कपड्यांच्या कारखानदारानं ८ मिमीच्या घरगुती कॅमेऱ्यावर हे शूटिंग केलं. ४८६ फ्रेम, सेकंदाला सरासरी १८.३, म्हणजे जेमतेम साडेसव्वीस सेकंद. त्याच दिवशी डॅलसमधल्या कोडॅकच्या लॅबमध्ये रीळ धुतलं गेलं, त्याच दिवशी तीन कॉप्या निघाल्या आणि त्यातल्या दोन सिक्रेट सर्व्हिसकडे, म्हणजे अध्यक्षांच्या सुरक्षा यंत्रणेकडे, गेल्या. मूळ फिल्म आणि उरलेली कॉपी पुढच्या काही दिवसांत 'लाइफ' मासिकानं विकत घेतली. फिल्म बदलायची तर ही चारही रिळं गोळा करून, नवीन करून, कुणाला पत्ता न लागता जागच्या जागी ठेवायला हवीत.

त्यात आणखी एक अडचण आहे. त्या कॅमेऱ्यात चित्र भोकांच्या मधल्या जागेतही उमटायचं. साध्या कॉपीत तो भाग येत नाही, मूळ फिल्मवर मात्र आहे. शिवाय ती कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म. तिच्यावरून मोठ्या फिल्मवर, तिथे फेरफार, मग परत ८ मिमीवर, असा प्रवास केला की दाणे जाड होतात आणि उजेड-सावलीतला फरक भडक होतो. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारच्या कागदपत्र-तपासणी मंडळासाठी रोलंड झवाडा या कोडॅकमधून निवृत्त झालेल्या तज्ज्ञानं कडेचे छापील अंक, लॅबच्या खुणा, भोकांमधलं चित्र असं सगळं बघून ही कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्मच असल्याचा निष्कर्ष काढला.

केनेडींची गाडी पूर्ण थांबली होती, त्या फ्रेम काढून टाकल्या, हा दावा तुमच्या व्हिडिओतही असेल. काही साक्षीदार तसं म्हणाले होते, हे खरं. पण ऑरव्हिल निक्स आणि मेरी मचमोर या तिथल्या दोघा बघ्यांनी रस्त्याच्या समोरच्या बाजूनं शूटिंग केलंय. त्यातही गाडी हळू होते, थांबत नाही. मचमोर यांची फिल्म तर तीनच दिवसांत एका वृत्तसंस्थेनं घेतली होती. आणि लपवायचंच होतं, तर डोक्याला गोळी लागते त्या ३१३ व्या फ्रेमनंतर केनेडींचं डोकं मागे झुकतं ते का ठेवलं? १९७५ मध्ये फिल्म टीव्हीवर आली तेव्हा लोकांना गोळी समोरून आली, म्हणजे दुसरा बंदूकधारी होता, असा संशय येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच होतं.

संशयाला जागा मुळीच नव्हती असं मी म्हणणार नाही. 'लाइफ'नं फिल्म बारा वर्षं लोकांना चालवून दाखवली नाही. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या छापील खंडात ३१४ आणि ३१५ या फ्रेमची अदलाबदल झाली. मासिकाच्या लॅबमध्ये मूळ फिल्म खराब झाली आणि २०८ ते २११ या फ्रेम गेल्या, तिथे जोड आहे. पण तो जोड दिसतो, आणि गेलेल्या फ्रेम पहिल्या दिवशीच्या कॉप्यांमध्ये शाबूत आहेत. खरा जोड असा सापडतो.

उलटा प्रकार मात्र आपल्या गावात मी स्वतः बघितलाय. गांधीजींनी आयुष्यात एकाच काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं, ते १९२४ चं, आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत. त्या शताब्दीच्या दिवसांत गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'गांधीहत्येचं खरं चित्रीकरण' म्हणून एक क्लिप फिरली. शेजारचे तात्या ती बघून डोळे पुसत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि क्लिप थांबवत थांबवत दाखवली: तात्या, हा कॅमेरा आत्ता गांधीजींच्या समोर होता, लगेच मारणाऱ्याच्या मागे कसा गेला? ती १९६३ च्या 'नाइन अवर्स टू रामा' या चित्रपटातली होती. ३० जानेवारी १९४८ च्या त्या क्षणाचं चित्रीकरण नाही. तात्यांनी दोनदा बघितली आणि ग्रुपवर स्वतःच लिहिलं, 'ही सिनेमातली आहे.'

तुमच्या मित्राला एवढंच विचारा: कुठली फ्रेम, आणि ती कुठल्या कॉपीवरून घेतली? नंबर मिळाला तर खाली लिहा, आपण ती फ्रेम निक्सच्या फिल्मशेजारी ठेवून बघू.