वाचकांचे प्रश्न : डायरी लिहिलीय कुणासाठी?

प्रश्न : रंकाळ्यावर जमणाऱ्या आमच्या वाचनगटाने जुनिचिरो तानिझाकी यांची 'कागी' (१९५६) इंग्रजीतून वाचायला घेतलीय. नवरा-बायकोच्या डायऱ्या आलटून पालटून येतात. निम्म्यावर आलो आणि खरं कोण बोलतंय यावरूनच भांडणं सुरू झाली. ही कादंबरी वाचायची कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भांडणं अगदी हव्या त्या जागी लागलीत! नवरा ५६ वर्षांचा प्राध्यापक, बायको इकुको ४५ची. १ जानेवारीला तो ठरवतो, शेजघरातलं आजवर टाळलेलं सगळं आता लिहायचं. बायको चोरून वाचेल अशी त्याला धास्ती आहे, आणि तिने वाचावं असंही वाटतंय. ४ तारखेला पुस्तकांच्या कपाटासमोर ड्रॉवरची किल्ली पडलेली तिला दिसते. ती मुद्दाम टाकलीय हे ती ओळखते, तरी लिहिते की मी वाचणार नाही. इथून पुढची प्रत्येक ओळ दुसऱ्याने वाचावी म्हणून लिहिलीय, असंच धरून चला.

मूळ जपानीत नवऱ्याच्या नोंदी काताकाना लिपीत आहेत, बायकोच्या हिरागानात. इंग्रजीत हा आधार नाही, म्हणून समासात पेन्सिलीने 'न' आणि 'बा' टाका. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा आणि तारखेनुसार दोघांच्या नोंदी समोरासमोर लिहा, नवऱ्याच्या डावीकडे, बायकोच्या उजवीकडे. दोघांनीही सांगितलेलं वेगळ्या शाईत. उदाहरणार्थ, ब्रँडी पिऊन तिला न्हाणीघरात भोवळ येते, हे दोन्हीकडे आहे. पण ती खरंच बेशुद्ध होती का? नवऱ्यालाच शंका आहे, आणि ती शंकाच त्याला चेतवते.

बहुतेकांची चूक एकच होते. नवरा लंपट, बायको सोशिक असं पहिल्या पन्नास पानांत ठरवून टाकतात. एप्रिलात त्याला पक्षाघाताचा झटका येतो, त्याची डायरी थांबते आणि लेखणी एकट्या बायकोच्या हाती उरते. शेवटच्या नोंदींत ती जे कबूल करते ते वाचल्यावर तुमच्या वहीचा उजवा रकाना पुन्हा तपासावा लागेल. शेवट आधी उघडून पाहू नका. गटात एखादा तसा असतोच.

प्रश्न : यासुनारी कावाबातांच्या निद्रिस्त सुंदरींच्या कादंबरीत (१९६१) काही घडतच नाही. सोडून देऊ का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : लगेच नको. ६७ वर्षांचा एगुची गुंगीच्या औषधाने झोपवलेल्या मुलींशेजारी रात्री काढतो. भाग पाच, खेपाही पाच. घडतं ते त्याच्या आठवणींत, आणि आठवण बहुधा वासावरून जागी होते. पहिल्या रात्री तो वास दुधाचा आहे. दर भागात तेवढा दुवा शोधा. मुलींना बोलायची सोयच ठेवलेली नाही, याचा राग आला तर तो रास्तच आहे. फक्त पाचवा भाग वाचल्याशिवाय पुस्तक परत करू नका.