आधी त्याला कात टाकू दे

अगं, तुझे फोटो काल रात्री तीनदा बघितले. तू करवंदाच्या जाळीतून आणून डबीत ठेवलेला तो इवलासा जम्पिंग स्पायडर, उड्या मारणारा कोळी, पुढचे दोन टपोरे डोळे थेट कॅमेऱ्यात... खरं सांगतो, मलाही धडधडलं. नवीन असू शकतो. पण लगेच पोस्ट टाकून 'नवी जात सापडली' म्हणू नकोस, कारण तो अजून वयातच आलेला नाही.

फोटो झूम कर, तोंडापाशी आखूड पायांसारखे दोन पाल्प आहेत बघ, टोकं फुगलीत, म्हणजे नर आहे, पण नुसती गुळगुळीत. शेवटची कात टाकली की तिथे काळपट वळणदार भाग उघडे पडतात, आणि नर कोळ्याची जात ठरते ती त्यांच्यावरून, मादीची पोटाखालच्या एपिजाइनवरून, म्हणजे जननेंद्रियाच्या भागावरून, तेही मायक्रोस्कोपखाली. रंगावर जाऊ नकोस, जम्पिंग स्पायडरमध्ये एकाच जातीचे नर-मादी कितीदा ओळखू येणार नाहीत इतके वेगळे दिसतात. जुन्या पेपरांत कितीतरी जातींची फक्त मादीच नोंदवलेली आहे, त्यामुळे तुझा कोळी तशा एखाद्या मादीचा कुणी न पाहिलेला नरही निघेल, आणि तसं झालं तरी तो पेपर लिहिण्यासारखाच आहे हं, नाराज व्हायचं नाही.

जगात कोळ्यांच्या नोंदवलेल्या जाती २०२२ मध्येच ५०,००० च्या वर गेल्या, म्हणून 'मला नेटवर सापडला नाही' एवढ्यावर भागत नाही, त्या जीनसमधल्या, म्हणजे एका कुळीतल्या, जवळच्या सगळ्या जातींची चित्रं एकेक करून ताडावी लागतात. ठाणे-कल्याण पट्ट्यातला आयसियस तुकारामी हा जम्पिंग स्पायडरच आठव, २०२१ ला जाहीर झाला, २६/११ ला कसाबची रायफल न सोडणाऱ्या तुकाराम ओंबळेंचं नाव दिलंय त्याला. भरवस्तीच्या पट्ट्यात असं सापडतं तर तुझ्या परसात का नाही? आणि नवी जात निघाली तर नमुना घरी ठेवायचा नसतो, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो.

एक मात्र आजच कर. नमुन्याच्या बाटलीत ठेवायचं लेबल पेन्सिलने लिही. मी आंबोलीच्या पावसात जमवलेल्या नमुन्यांची लेबलं पेनने लिहिली होती, आठवड्याभरात शाई अल्कोहोलमध्ये उतरली, पाणी निळं आणि कागद कोरा. कोळी उत्तम होते पण कुठले, कधीचे, काहीच राहिलं नाही, त्यांचा अभ्यासाला काही उपयोग उरला नाही आणि ते अजून मनाला लागतं. जाडसर कागद, गाव, तारीख, झाड, तुझं नाव, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत.

डबीत बारीक माश्या सोड, एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब. खाणं सोडून रेशमाच्या पिशवीत बसला तर घाबरू नकोस, कातीची तयारी असते, तेव्हा डबी अजिबात हलवायची नाही. तोवर त्याच जाळीत मादी शोध, ऊन पडल्यावर जा, हे दिवसा फिरतात. पाल्प काळे झालेले दिसले की कितीही वाजलेले असोत, फोन कर.